स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया: जवळ फ्रोझनची सोय नसेल तर मार्जिन कसं तपासावं?

मुळामुठा
नमस्कार मंडळी. प्रश्न थेट मांडतो.

पेठांमधल्या किंवा हडपसर-चिंचवडकडच्या लहान रुग्णालयात लम्पेक्टॉमी (स्तन ठेवून फक्त गाठ काढणं) ठरते तेव्हा पॅथॉलॉजी लॅब बऱ्याचदा दुसऱ्या इमारतीत, कधी गावाच्या दुसऱ्या टोकाला असते. नमुना दुचाकीवरून जाणार, पेशंट टेबलवर भुलीखाली. अशा ठिकाणी फ्रोझन सेक्शनची (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून, काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघण्याची) वाट बघणं शक्य नसतं. मग 'फ्रोझन नाही ना, मग सरळ सगळा स्तन काढा' असा सल्ला मिळतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. अमेरिकेतली एनएसएबीपी बी-०६ आणि इटलीतली मिलानची चाचणी, दोन्हींची वीस वर्षांची आकडेवारी २००२ मध्ये आली. स्तन काढला काय किंवा वाचवून रेडिएशन दिलं काय, जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. एका यंत्राअभावी बाईंचा स्तन जाऊ नये.

एसएसओ-ॲस्ट्रो या अमेरिकेतल्या कॅन्सर सर्जन आणि रेडिएशन डॉक्टरांच्या संघटनांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इन्व्हेसिव्ह (आजूबाजूच्या ऊतीत शिरलेल्या) कॅन्सरमध्ये, पुढे पूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार असेल तर, नमुन्याच्या शाई लावलेल्या पृष्ठभागाला कॅन्सरची पेशी टेकलेली नसली की मार्जिन (गाठीभोवती निघालेली निरोगी ऊतीची कड) पुरेसं. टेकलेली असेल (म्हणजे मार्जिन पॉझिटिव्ह) तर स्तनात पुन्हा गाठ येण्याचा धोका किमान दुप्पट होतो. म्हणजे सगळा खेळ त्या शाईच्या रेषेवर आहे, आणि ती रेषा दिसते पाच-सात दिवसांनी रिपोर्टमध्ये. तोवर जखम शिवून झालेली असते.

तर नमुना बाहेर आल्यापासून शिवायला घेईपर्यंत तुम्ही काय, कोणत्या क्रमाने तपासता? पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट मंडळींनी आवर्जून लिहावं.

शाईची_दौत
चांगला धागा. लॅबच्या बाजूने लिहिते.

पहिली गोष्ट दिशा. नमुना पूर्ण सुटायच्या आत, तो एका बाजूने जोडलेला असतानाच टाके घाला. बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवल्यावर चरबीचा गोळा कसाही फिरतो आणि मग 'वरची बाजू बहुतेक हीच' असं सुरू होतं. आखूड टाका वर, लांब टाका काखेच्या बाजूला, दुहेरी टाका खोल बाजूला ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. आखूड म्हणजे १ सेंमी आणि लांब म्हणजे ४ सेंमी असा ढळढळीत फरक हवा. २ आणि ३ सेंमीचे दोन टाके आले तर लॅबमध्ये कुणीही गोंधळेल.

दोनच टाके घालणारे म्हणतात की दोन दिशा आणि डावा-उजवा कळला की तिसरी दिशा आपोआप निघते. निघते, खरं आहे. पण फॉर्मवर डाव्याचं उजवं झालं की पुढची बाजू मागे जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तिसरा टाका ही चूक पकडतो. त्याला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी गोष्ट शाई. शाई कापण्याआधी लावायची, नेहमी. नमुना गॉजने टिपून कोरडा करायचा, सहा बाजूंना सहा रंग पातळ थरात लावायचे, वरून विरल ॲसेटिक ॲसिड फवारायचं म्हणजे शाई धरते, पुन्हा टिपायचं आणि मगच सुरी. ओल्या नमुन्यावर शाई ओघळते आणि चरबीच्या भेगांत शिरते. मग स्लाइडवर आतल्या गाठीजवळ शाई दिसते आणि नसलेलं पॉझिटिव्ह मार्जिन तयार होतं. अशा वेळी मी कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) जळलेला काठ शोधते. जळका काठ आणि शाई एकत्र असतील तर ते खरं मार्जिन. नुसती शाई आणि जळल्याची खूण नाही, तर ती भेगेतून आली असण्याचा संशय घ्यावा.

कोणता रंग कोणत्या बाजूला हे लॅबगणिक वेगळं असतं, म्हणून रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं हवंच.

कोथरूडकर_वाचक
वाचतेय. सोप्या भाषेत लिहिताय त्याबद्दल आभार.

क्ष_किरण
शाईची_दौत यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता इमेजिंग.

गाठ सूक्ष्म कॅल्सिफिकेशनची (कॅल्शियमच्या बारीक कणांची) असेल किंवा वायर (गाठीची जागा दाखवणारी तार) घालून काढली असेल तर नमुन्याचा एक्स-रे टाळू नका. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ठेवायचं एक्स-रेचं कॅबिनेट यंत्र नसेल तर साध्या मॅमोग्राफीच्या यंत्रावर मॅग्निफिकेशन व्ह्यू घेता येतो. पण एकमेकांशी काटकोनातले दोन व्ह्यू हवेत. एकाच व्ह्यूमध्ये गाठ मधोमध दिसते आणि प्रत्यक्षात खालच्या पृष्ठभागाला चिकटलेली असू शकते.

फिल्मवर काय बघायचं? गाठ आली का, बायोप्सीच्या वेळी ठेवलेली खुणेची क्लिप आली का, वायर टोकासकट आली का, आणि कॅल्सिफिकेशन कोणत्या कडेपर्यंत पोचलंय. कडेपासूनचं अंतर मोजून फोनवर सर्जनला बाजूचं नाव घेऊन सांगायचं. 'ठीक आहे' एवढ्यावर भागवू नये.

हात जोडून एकच विनंती, नमुना दाबू नका. मॅमोग्राफीच्या पॅडलखाली चरबीचा नमुना थापलेल्या भाकरीसारखा पसरतो. कडा फाटतात, पुढचं-मागचं अंतर कमी होतं, आणि मग पॅथॉलॉजिस्टला मार्जिन प्रत्यक्षापेक्षा जवळ दिसतं. यंत्र परवानगी देत असेल तर शून्य दाबावर घ्या.

एक्स-रे कुठे कमी पडतो तेही लिहितो. दाट स्तनातली मऊ कडांची गाठ, लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या खंडिकांशी संबंधित प्रकारचा) कॅन्सर आणि कॅल्सिफिकेशन नसलेलं डीसीआयएस. डीसीआयएस म्हणजे नलिकेच्या आतच असलेला कॅन्सर. तो फिल्मवर दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही.

सिंहगडपायथा
मुळामुठा, तुमची तळमळ समजते, पण थोडा वेगळा सूर लावतो. फ्रोझन असलेल्या ठिकाणी पेशंट पाठवण्यात कमीपणा काय आहे? सोलापूर-लातूरहून आलेल्या पेशंटला दहा दिवसांनी 'मार्जिन पॉझिटिव्ह, परत या' सांगणं म्हणजे दुसरी भूल, दुसरा खर्च, घरच्यांची पुन्हा रजा आणि केमो पुढे ढकलली जाणं. पहिल्याच बैठकीत काम संपणं ही चैन नाही, गरज आहे. शंका आली की त्या भिंतीचा तुकडा फ्रोझनला द्यायचा, उत्तर आलं की तिथेच आणखी काढायचं. यासाठी पेशंटला दहा किलोमीटर लांब जावं लागलं तरी चालेल.

पॅराफिन
सिंहगडपायथा, दुसरं ऑपरेशन टाळावं हे पूर्ण मान्य. पण फ्रोझनवर जितका विश्वास टाकला जातो तितका टाकू नये, असं फ्रोझन बघणारा म्हणून सांगतो.

क्रायोस्टॅट (तुकडा गोठवून काप घ्यायचं यंत्र) साधारण उणे २० अंशांवर चालतो. त्या तापमानाला ग्रंथींची ऊती छान कडक होते, चरबी होत नाही. चरबीला उणे ३० किंवा त्याखाली जावं लागतं. स्तनाच्या नमुन्याच्या कडेला असते मुख्यतः चरबीच. ती ब्लेडखाली चिवट राहते, सेक्शन दुमडतं, फाटतं, आणि नेमका शाईचा काठ काचेवर येतच नाही. ज्या काठासाठी सगळा खटाटोप, तोच गायब.

शिवाय एका ब्लॉकला २० ते ३० मिनिटं धरा. सहा बाजूंचे सहा ब्लॉक लावले तरी प्रत्येक बाजूचा काही मायक्रॉन जाडीचा एकेक काप बघितला जातो. ४-५ सेंमीच्या भिंतीचा तो किती छोटा हिस्सा आहे बघा. कॉटरीने जळलेल्या पेशी फ्रोझनमध्ये आणखीच ओळखू येत नाहीत. लहान डीसीआयएस आणि एडीएच (नलिकेतल्या पेशींची असामान्य वाढ, कॅन्सर नव्हे) यांत फरक करणं पक्क्या स्लाइडवरही कधी कधी कठीण जातं, फ्रोझनवर तर नकोच. आणि फ्रोझन केलेला तुकडा नंतर पक्क्या स्लाइडसाठी पॅराफिनमध्ये (मेणात) घेतला तरी बर्फाच्या स्फटिकांच्या खुणा त्यात राहतात.

त्यामुळे 'सगळी मार्जिन फ्रोझनला' ही मागणी मला मान्य नाही. नमुना कापल्यावर एका जागी कडेजवळ पांढुरका, खरखरीत भाग डोळ्याला दिसतोय आणि बोटाला लागतोय, त्या एका जागेचा फ्रोझन करा. तिथे तो खरोखर उपयोगी पडतो.

शाईची_दौत
+१. आणि पॅथॉलॉजिस्ट ओटीत येऊ शकत असेल तर क्रायोस्टॅटशिवायही बरंच कळतं. शाई लावून ३ ते ५ मिमीचे काप घ्यायचे, ओळीने मांडायचे, प्रत्येक काप बोटाने चाचपायचा आणि पट्टीने अंतर मोजायचं. डोळ्याला दिसणाऱ्या इन्व्हेसिव्ह डक्टल गाठीसाठी ही दहा मिनिटं सोन्याची.

इम्प्रिंट सायटॉलॉजीचाही विचार करा. शाई लावण्याआधी प्रत्येक पृष्ठभागाला स्वच्छ काच टेकवायची, टोल्युइडिन ब्लूने रंगवायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं. साधारण पंधरा मिनिटांत होतं, ऊती वाया जात नाही, मोठं यंत्र लागत नाही. मर्यादा अशी की पृष्ठभागावर असलेल्या पेशीच काचेवर येतात. कॅन्सर अर्ध्या मिमीवर असेल तर काच स्वच्छच दिसणार. लोब्युलरच्या पेशी लहान आणि सुट्या असतात, त्या निसटतात. आणि काच टेकवायची, घासायची नाही. घासली की पेशी चिरडतात.

ओटी_टेबल
सिस्टर म्हणून थोडं. नमुना कोरड्या गॉजवर ठेवला तर चिकटतो आणि सोडवताना पृष्ठभाग सोलतो. सलाइनमध्ये तरंगत ठेवला तर फुगतो. ओलसर, पिळलेल्या गॉजमध्ये ठेवा. बरणी रुंद तोंडाची हवी, नमुना बोटाने आत ढकलावा लागला तर बरणी चुकली. फ्रोझन, इम्प्रिंट, एक्स-रे यांतलं काहीही व्हायचं असेल तर तोवर फॉर्मलिन (ऊती टिकवणारा द्राव) ओतायचं नाही. नमुना बाहेर आल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये घातल्याची वेळ, दोन्ही फॉर्मवर लिहायच्या.

पॅराफिन
त्या दोन वेळा लिहिणाऱ्या सिस्टरांना सलाम. त्यांतलं अंतर एका तासाच्या आत हवं आणि फॉर्मलिनमधला काळ ६ ते ७२ तास. नाहीतर ईआर, पीआर, हर-२ या औषधोपचार ठरवणाऱ्या तपासण्यांचे निकाल बिघडतात. फॉर्मलिन नमुन्याच्या निदान दहापट. ते ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, चरबीत आणखी हळू. शनिवारी दुपारी आख्खा नमुना लहान बरणीत कोंबून सोमवारी लॅबला पाठवला तर मधली गाठ तोवर कुजायला लागलेली असते.

मुळामुठा
इथेच माझी अडचण आहे. गणपतीत लक्ष्मी रोड बंद, एरवीही संध्याकाळी कर्वे रोडची अवस्था माहीतच आहे. तासाभरात नमुना लॅबमध्ये कापला जाईलच याची खात्री नसते. मग सर्जनने ओटीत कापावा का?

शाईची_दौत
मनाने अजिबात नको! शाई न लावता मधोमध चिरलेला नमुना आला की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि खरी कड कोणती हे ठरवणं अवघड होतं. मात्र लॅबशी आधी बोलून ठरवलेली पद्धत असेल तर चालतं. तिन्ही टाके, मग पूर्ण शाई, ती वाळल्यावर खोल बाजूने गाठीपर्यंत एकच चीर, दोन तुकडे न करता. चिरेत ओलं गॉज सरकवून भरपूर फॉर्मलिनमध्ये. आणि चीर कुठे दिली त्याचं चित्र फॉर्मवर काढा, हातानं काढलेलंही चालेल.

तळजाई
आत्तापर्यंत सगळी चर्चा नमुन्याभोवती फिरतेय. मूळ प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. नमुना सोडा, गाठ काढल्यावर उरलेली पोकळी बघा.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाची कॅव्हिटी शेव्हची (पोकळीच्या भिंतींचे काप घेण्याची) चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. २३५ पेशंट, गाठ काढून झाल्यावर ऑपरेशन चालू असतानाच चिठ्ठी काढून अर्ध्यांच्या पोकळीच्या भिंतींचे आणखी पातळ काप घेतले. पॉझिटिव्ह मार्जिनचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ वर आलं आणि दुसऱ्या ऑपरेशनचं २१ वरून १० टक्क्यांवर. यासाठी ना क्रायोस्टॅट लागतो ना लॅब शेजारी लागते. मुळामुठा, तुमच्या परिस्थितीला याहून चपखल काय असणार?

करताना मात्र शिस्त हवी. काप साधारण ५ ते १० मिमी जाडीचा, आणि भिंतीचा कोपरा नव्हे तर जमेल तेवढी आख्खी भिंत. प्रत्येक काप वेगळ्या बरणीत, बाजूच्या नावासकट. आणि कापाच्या नव्या बाहेरच्या पृष्ठभागावर खूण म्हणून टाका. आता खरं मार्जिन तो पृष्ठभाग आहे. खूण नसेल तर पॅथॉलॉजिस्टला कापाची कुठली बाजू पोकळीकडे होती हे कळायला मार्ग नाही आणि आख्खी मेहनत फुकट.

सिंहगडपायथा
सरसकट सगळ्यांना? लहान स्तनात चार-सहा भिंतींचे ५ मिमी काप म्हणजे बरीच ऊती गेली. स्तन वाचवला पण आकार बिघडला तर साधलं काय? मी निवडक भिंतीच्या बाजूने आहे, इमेजिंगने जी बाजू जवळची सांगितली तीच.

तळजाई
मुद्दा रास्त. सरसकट शेव्ह ठरवलं असेल तर मूळ नमुना थोडा आटोपशीर काढता येतो, त्यामुळे एकूण ऊती फार वाढू नये. पण मूळ नमुनाही ऐसपैस आणि वर शेव्हही, असं झालं तर तुमची भीती खरी ठरते. आणि निवडक शेव्ह निवडणाऱ्याच्या नजरेइतकंच चांगलं. डीसीआयएस बोटाला लागत नाही, त्यामुळे ज्या भिंतीवर संशय नसतो तीच कधी कधी पॉझिटिव्ह निघते.

क्ष_किरण
निवडक शेव्ह करायचं तर अल्ट्रासाउंड वापरा ना. तो लहान रुग्णालयातही असतो. भांड्यात सलाइन, त्यात नमुना काही क्षण बुडवायचा (ओटी_टेबल म्हणतात तसा ठेवून द्यायचा नाही), प्रोबला निर्जंतुक कव्हर. काळी गाठ आणि कड यांतलं अंतर सहाही बाजूंना मोजता येतं. त्याआधी स्तनातच प्रोब ठेवून कापत गेलात तर आणखी उत्तम. नेदरलँड्समधल्या कोबाल्ट चाचणीत हाताला लागणाऱ्या गाठीसुद्धा अल्ट्रासाउंडच्या मदतीने काढल्यावर पॉझिटिव्ह मार्जिन लक्षणीय कमी झाले. बोटांच्या अंदाजापेक्षा प्रोब बरा.

पर्वती_पायरी
रेडिएशनवाल्यांचं गाऱ्हाणं ऐका. शिवण्याआधी पोकळीच्या भिंतींवर आणि तळाशी टायटेनियमच्या ४ ते ६ क्लिपा लावा. ऑन्कोप्लास्टिक पद्धतीने (स्तनाचा आकार राखण्यासाठी) ग्रंथी सरकवणार असाल तर सरकवण्याच्या आधी. नाहीतर त्वचेवरचा व्रण एकीकडे आणि गाठीची मूळ जागा दुसरीकडे. मग बूस्ट (गाठीच्या जागेला जादा रेडिएशन) कुठे द्यायचा? पुन्हा मार्जिन काढायची वेळ आली तर सर्जनलाही याच क्लिपा वाट दाखवतात.

आणि 'मार्जिन पॉझिटिव्ह आहे, पण बूस्ट देतीलच की' हे वाक्य कृपया सोडून द्या. १० ते १६ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचं एकक) बूस्ट राहिलेल्या गाठीची भरपाई करत नाही.

कोथरूडकर_वाचक
एक विचारू का? रिपोर्टमध्ये 'क्लोज मार्जिन १ मिमी' असं आलं तर पुन्हा ऑपरेशन लागतं का?

पॅराफिन
ताई, ते कशापासून १ मिमी आहे यावर अवलंबून. इन्व्हेसिव्ह कॅन्सरपासून १ मिमी असेल तर फक्त त्या कारणासाठी सहसा नाही. नुसतं डीसीआयएस असेल तर २०१६ च्या सूचनांप्रमाणे २ मिमी हवं, त्यामुळे १ मिमीवर चर्चा होते. दोन्ही एकत्र असतील तर इन्व्हेसिव्हचा नियम लागतो. कडेला साधं एलसीआयएस (खंडिकेच्या आतच राहिलेल्या असामान्य पेशी) असेल तर ते पॉझिटिव्ह धरत नाहीत, प्लिओमॉर्फिक (मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचा) प्रकार असेल तर वेगळा विचार.

बाजूही बघायची. पुढच्या बाजूला थेट त्वचेखालपर्यंत आणि मागे पेक्टोरल फॅसियापर्यंत (छातीच्या स्नायूवरच्या आवरणापर्यंत) काढलं असेल तर तिथे काढायला स्तनाची ऊती शिल्लकच नसते. तिथलं १ मिमी आणि काखेकडच्या बाजूचं १ मिमी यांचा अर्थ सारखा नाही. म्हणून ऑपरेशन नोट पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचायला हवी.

चांगल्या रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह आणि डीसीआयएस दोन्हींची अंतरं बाजूवार लिहिलेली असतात, आणि पॉझिटिव्ह असेल तर एकाच ठिपक्यात की लांबवर हेही. तसं नसेल तर विचारा. दुसरं मत हवं असेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

तळजाई
पॅराफिन, थोडी भर. सगळं जग 'शाईला टेकलं नाही म्हणजे झालं' यावर एकमत नाही. ब्रिटनच्या स्तन सर्जनांची संघटना १ मिमी मागते. २०२२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, एक लाखाहून अधिक पेशंटांच्या एकत्रित विश्लेषणातही किमान १ मिमीचा आग्रह आहे. त्यामुळे ०.२ मिमी आणि तेही लांबवर असेल, पेशंट तरुण असेल, तर मी केवळ २०१४ च्या सूचनेवर बोट ठेवून मोकळा होणार नाही. ट्यूमर बोर्डात (सगळ्या विशेषज्ञांच्या बैठकीत) मांडावं.

सिंहगडपायथा
याला अनुमोदन. आणि केमोनंतरच्या ऑपरेशनबद्दल कुणीच लिहिलं नाही. तिथे गाठ दर वेळी मध्याकडे आकसत जात नाही, काही वेळा मूळ जागेत विखुरलेले पुंजके राहतात. दोन पुंजक्यांच्या मधून कड गेली तर शाई स्वच्छ आणि पलीकडे कॅन्सर, असं होऊ शकतं. म्हणून केमोच्या आधी अल्ट्रासाउंडखाली क्लिप ठेवलीच पाहिजे, आणि रिपोर्टमध्ये कॅन्सरपेशींबरोबर ट्यूमर बेड (आधी गाठ होती ती जागा) कडेला पोचतंय का हेही मागा. अशा केसमध्ये मी तळजाईंच्या बाजूला येतो, सगळ्या भिंतींचे शेव्ह घ्या.

मुळामुठा
खूप मोलाची माहिती. नमुन्याच्या कडा तपासणारा रेडिओफ्रीक्वेन्सीचा प्रोब किंवा २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, राहिलेला कॅन्सर चमकवून दाखवणारं औषध यांबद्दल विचारणार होतो, पण इथे लिहिलेलं आधी नीट झालं तरी पुष्कळ आहे. शेवटची शंका: शेव्ह घ्यायचे तर कॉटरीने की सुरीने?

शाईची_दौत
सुरीने किंवा कात्रीने घ्या, रक्तस्राव नंतर कॉटरीने थांबवा. ५ मिमीच्या कापाच्या दोन्ही बाजू जळून आल्या तर वाचायला मधे फारसं उरत नाही. सुरीने जमत नसेल तर कॉटरी 'कट' मोडवर, कमी पॉवरला.

तळजाई
आणि संमतीपत्रात दोन वाक्यं आधीच घाला: अंतिम रिपोर्टनंतर पुन्हा मार्जिन काढावं लागू शकतं, आणि ते वारंवार पॉझिटिव्ह आलं तर मॅस्टेक्टॉमीची (पूर्ण स्तन काढण्याची) चर्चा होईल. हे मराठीत, पेशंटसमोर बसून, ऑपरेशनच्या आदल्या भेटीत. भूल द्यायच्या सकाळी सही घेताना नव्हे.

ओटी_टेबल
शेव्ह घ्यायचे असतील तर यादी आदल्या दिवशी द्या म्हणजे मूळ नमुन्याची एक आणि भिंतींच्या सहा, अशा सात बरण्या लेबल लावून तयार राहतील. लेबल बरणीच्या अंगावर, झाकणावर नको. झाकणं बदलतात.